खडीसाखरेचं घड्याळ

पाणी गोठताना आपल्या अंगात मोकळी जागा ठेवतं. म्हणून बर्फ तरंगतो.

०

मिरजेच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाईंनी सहावीच्या मुलांना बर्फ काढायला सांगितला. सगळ्यांनी चौकोन काढले. एकाचा कागद कोरा होता. विचारलं तर म्हणाला, "बाई, वितळला."

०

चंदन पाण्यात विरघळत नाही. ढवळलं की विरघळल्यासारखं दिसतं. थोड्या वेळाने तळाशी बसतं.

०

खंडेनवमीच्या दिवशी कुपवाड एमआयडीसीतल्या जुन्या कारखान्यांत यंत्रं चालत नाहीत. पुसून, तेल देऊन, झेंडूचे हार घालून ती गप्प उभी असतात. नव्याने आलेल्या एका इंजिनिअरने विचारलं होतं, "आज काम काय?" फोरमन म्हणाला, "रोज आपण यंत्राला राबवतो. आज त्येच्या पाया पडायचं. हेच काम."

०

सम्मेदला शेवटी पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. त्याला बर्फाचा खडा लागायचा. तो गालात धरून डोळे मिटायचा आणि खड्यालाच सांगायचा, "दमानं वितळ रे बाबा."

०

भरलेल्या टाकीकडे पाहायला कोणी थांबत नाही.

०

आता ओळीने.

राजुल मगदूम पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बर्फावर काम करत होती. हा आपल्या फ्रिजमधला बर्फ नव्हे. पाण्यात एक द्रावक मिसळायचं, त्यात दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा आणि मग गोठवायचं. अशा वेळी पाण्याचे रेणू नेहमीची रचना सोडून पिंजरे बांधतात. मोठ्या पिंजऱ्यात द्रावकाचा रेणू बसतो आणि आतून टेकू देतो. लहान पिंजरा पाण्याच्या वीस रेणूंचा, त्याला बारा पंचकोनी भिंती. त्यात हायड्रोजनचा एक रेणू अडकतो. अडकतो, पण चिकटत नाही. तो आत गरगर फिरत राहतो, या भिंतीकडून त्या भिंतीकडे डुलतो. त्याला दार नसतं, एवढंच.

जगभर लोक या बर्फाकडे इंधन साठवायची युक्ती म्हणून बघत होते. त्यात खूप पैसा होता आणि थोडं यश होतं. राजुल मात्र अडकलेला रेणू आत काय करतो एवढंच बघत बसली.

हायड्रोजनच्या रेणूत दोन केंद्रकं असतात आणि त्या दोघांना स्वतःभोवती फिरल्यासारखा एक गुण असतो. दोघांची दिशा एक असली तर तो रेणू ऑर्थो, विरुद्ध असली तर पॅरा. नेहमीच्या तापमानाला चारांतले तीन ऑर्थो असतात. कडक थंडीत त्यांतल्या बऱ्याच जणांना पॅरा व्हायचं असतं, पण एकट्याने होता येत नाही. ढकलायला शेजारी चुंबकी स्वभावाचं कोणीतरी लागतं. पिंजऱ्यात शेजारी कोणी नसतं. म्हणून ते बदलतात, पण फार सावकाश, वर्षं घेऊन आणि ठरलेल्या वेगाने.

ठरलेल्या वेगाने जे बदलतं त्यावरून वेळ सांगता येते.

पुढची पायरी तिची स्वतःची. तिने मोजक्याच मोठ्या पिंजऱ्यांत मुद्दाम ऑक्सिजन कोंडला. ऑक्सिजन चुंबकी असतो. बर्फ थंड आहे तोवर तो लांब बसून राहतो. पण उणे एकशे तीस अंशांच्या वर बर्फ गेला की हायड्रोजन पिंजऱ्यातून पिंजऱ्यात उड्या मारायला लागतो, ऑक्सिजनजवळ पोचतो आणि ऑर्थो-पॅराचा हिशेब पुसून पुन्हा पहिल्यासारखा होतो. परत थंड केलं की घड्याळ नव्याने सुरू. लेसरचा किरण टाकला की पडद्यावर दोन रेषा उमटतात, एक ऑर्थोची, एक पॅराची. त्यांच्या उंचीवरून सांगता येतं की हा खडा शेवटचा कधी तापला.

लस, रक्त, बियाणं, भ्रूण, असं गोठवून ठेवलेलं काहीही असो. ते मधल्या काळात बिघडलं का, हे आजवर उघडून पाहिल्याशिवाय कळत नसे. आता न उघडता कळणार होतं.

०

पहिली चाचणी घरात झाली असं म्हणायला हरकत नाही.

मिरजेत रुग्णालयांच्या गल्लीत एक खाजगी शीतपेढी होती. द्रव नायट्रोजनच्या टाक्यांत लोकांचे भ्रूण, वीर्य, मूलपेशी ठेवायची जागा. राजुलचे वडील, भूपाल मगदूम, तिथे टाक्या सांभाळत. हयात कुपवाडच्या ऑक्सिजन प्लँटवर गेलेली. निवृत्त झाल्यावर पेढीने बोलावून घेतलं. गावात सगळे त्यांना आप्पाच म्हणत.

सम्मेद राजुलचा थोरला भाऊ. त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. उपचारांनी पुढे मूल होणार नाही म्हणून त्याचे आणि त्रिशलाचे चार भ्रूण एका बारीक नळीत घालून आप्पांच्या टाकीत ठेवायचं ठरलं. राजुल पुण्याहून द्रव नायट्रोजनच्या थर्मासात, काचेच्या कुपीत एक धुरकट पांढरा खडा घेऊन आली.

सम्मेदने कुपी चिमट्याने क्षणभर उजेडात धरली. "खडीसाखर."

"घड्याळ आहे ते. टाकी कधी तापली तर कळेल."

"आणि न्हाई तापली तर?"

"तर तेही कळेल."

"मग लाव की." तो त्रिशलाकडे वळला. "टाकीवर आजोबा, घड्याळावर आत्या. पोरं जन्माला यायच्या आधीच खानदानी नोकरीला लागली बघ."

"आधी तू बरा हो," त्रिशला म्हणाली. "मग त्यांच्या नोकरीचं बघू." ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे माप घेतल्यासारखी बघायची.

आप्पांना एकच शंका होती. मगदूम जैन, पाणी गाळून पिणारं घर. "राजुल, त्यात जीव असतोय का गं आत्ता?"

"थांबलेला असतो, आप्पा."

"थांबलेला म्हणजे असतोय का न्हाई?"

राजुलने कुपी थर्मासात परत ठेवली. आप्पांनी मात्र असतो असं धरून चालायचं ठरवलं. रोज सकाळी ते टाकीच्या काट्याकडे बघायच्या आधी चप्पल काढायला लागले.

सम्मेद त्याच उन्हाळ्यात गेला.

०

त्रिशला पाच वर्षं थांबली. आधी दुःख, मग आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन, मग तिचं स्वतःचं एक. आता ती एक्केचाळीसची होती आणि डॉक्टर म्हणाले होते की करायचं तर याच वर्षी. सम्मेदचं या जगात दुसरं काही उरलेलं नव्हतं. त्या नळीत चार भ्रूण होते, तेवढेच.

इतकी वर्षं पेढी प्रत्येक नळीला असा खडा बांधत होती, पण वाचायचं यंत्र खोलीएवढं असल्याने तो मिरजेत वाचता येत नव्हता. त्या जूनमध्ये राजुल हातात मावेल असं यंत्र घेऊन आली.

"केस वाळवायचं मशीन आणलंस व्हय?" आप्पा म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्रिशला शाळेतून अर्धी रजा टाकून आली होती.

आप्पांनी जाड हातमोजे चढवले, झाकण उचललं. पांढरी वाफ कडेवरून खाली सांडली. त्यांनी नळी वाफेतच ठेवून जेमतेम वर उचलली. राजुलने किरण टाकला.

पडद्यावर दोन रेषा उभ्या राहिल्या. ऑर्थोची जितकी खाली यायला हवी होती तितकी आली नव्हती.

खडा म्हणत होता, मी तीन वर्षांचा आहे.

"काय म्हणतंय?" आप्पांनी विचारलं.

"यंत्र अजून निवलं नाही. शेजारची एक दाखवा."

शेजारची नळी कुण्या अनोळखी जोडप्याची. तिचा खडा चार वर्षांचा असायला हवा होता. तोही तीन वर्षांचा निघाला. तिसरी, चौथी, सगळ्या एकाच वयाच्या. पलीकडच्या टाकीतले खडे मात्र आपापल्या वयाचे होते.

"ठीक आहे," राजुल म्हणाली. "आकडे पुण्याला जाऊन काढावे लागतील."

आप्पांनी झाकण लावलं. त्रिशला राजुलच्या चेहऱ्याचं माप घेत होती.

०

आकडे पुण्याला जाऊन काढायची गरज नव्हती. ते तिने सायंकाळी माजघरात बसून काढले. तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर संपता संपता, दिवाळीच्या आसपास.

आप्पा चहा घेऊन आले. दोघंच होते.

"आप्पा, तीन वर्षांपूर्वी दिवाळीला टाकी बिघडली होती का?"

"कुठली, आपली? छे." ते बशीत चहा ओतत होते. "उलट त्या वर्षी तर नवल झालं. तुला सांगितलं न्हाई मी?"

"नाही."

"तू पुण्यात. तुला सांगितलं असतं तर हसली असतीस." ते खुलले. "पेढीत खंडेनवमी करत नव्हती माणसं. म्हटलं, हे काय, कुपवाडला आमचा साधा कॉम्प्रेसरसुद्धा बिनपूजेचा राहिला न्हाई, आन् हितं तर जीव सांभाळत्यात या टाक्या. डॉक्टर म्हणाले, करा की आप्पा. हार घातला. मग बस्तीतलं गंधोदक."

गंधोदक म्हणजे जिनमूर्तीच्या अभिषेकाचं पाणी, चंदन मिसळलेलं. बस्ती म्हणजे त्यांच्या गल्लीतलं जैन मंदिर. हे पाणी लोक डोळ्यांना लावतात, आजाऱ्याच्या कपाळाला लावतात.

"कुठे शिंपडलंत?"

"झाकण काढून, दांडीवर. आत न्हाई पडू दिलं फारसं, मला काय कळत न्हाई व्हय? दोन थेंब आत गेलं तर गोठून तळाला बसंल, काय करायचं न्हाई. फक्त आपल्याच टाकीला. म्हटलं, आत आपली चार हैत, त्यांच्या संगतीला बाकीच्यांचीबी हैत."

"मग?"

"मग काय! काटा हललाच न्हाई. भरलेली ती भरलेलीच. नायट्रोजनची गाडी आली, मी म्हटलं ह्या टाकीला लागत न्हाई, जा. सगळी पेढी बघायला आली. मासोपवास धरला गं तिनं, जणू पाण्याचा थेंब न्हाई घेतला." त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "आन् दिवाळी झाल्यावर एक दिवस आपली आपणच गटागटा प्याली. म्हटलं, पारणं केलं बयेनं. पुढच्या दोन नवम्या माझ्या ऑपरेशनापायी हुकल्या."

०

झालं ते असं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच एक तरंगता गोळा नायट्रोजनच्या त्या जुन्या टाकीत होता. पातळी उतरली की गोळा उतरतो, त्याची दांडी खाली येते, झडप उघडते, नवा नायट्रोजन आत येतो. बाहेरचा काटाही त्याच दांडीला जोडलेला. तापमान मोजणारं वेगळं काही नव्हतं, कारण द्रव आहे तोवर थंडी आहेच.

दांडीवर शिंपडलेलं पाणी गळ्याशी गोठलं आणि दांडी वरच्या वर जखडली. पातळी उतरत गेली, काटा भरलेलीच दाखवत राहिला. टाकी रिकामी झाली. आतलं तापलं. तापल्यावर गळ्यातला बर्फ वितळला, दांडी सुटून खाली आली, झडप उघडली, टाकी काठोकाठ भरली.

चूक झाली आणि चुकीनेच स्वतःच्या खुणा पुसल्या. कुणाला कधीच कळलं नसतं. प्रत्येक नळीला बांधलेल्या खडीसाखरेच्या खड्याला तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी राजुलने आप्पा जेवायला गेले असताना टाकीचं झाकण काढलं. दांडीवर, खाचेत, फिक्या पिवळ्या रंगाची एक कड होती. तिने नखाने खरवडून नाकाशी नेली. इतक्या वर्षांनंतर वास आला असं तिला वाटलं, पण ते वाटणंच असावं.

०

पेढीचे संचालक डॉ. गुळवणी सभ्य माणूस.

"राजुलताई, भ्रूण उघडल्यावर जगतीलच असं आम्ही कुणाला सांगत नाही. काही जगत नाहीत. लोकांना ते माहीत असतं."

"या टाकीतला एकही जगणार नाही."

"मग एकेक करून कळेल त्यांना. ज्याच्या त्याच्या वेळेला."

"अन् तोवर?"

"तोवर आशा असेल. तीही एक सेवाच आहे, नाही का?" त्यांनी चष्मा काढला. "सगळ्यांना एकदम सांगायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगायचं तर तारीख सांगावी लागेल. तारीख कळली की त्या दिवशी टाकीवर कोण होतं ते कळेल. मी तुमच्या वडिलांना तेव्हा 'करा की' म्हणालो होतो. मी विसरलेलो नाही. तुम्ही ठरवा."

०

शाळा सुटली होती. वर्गात बाकांवर रंगांचे डाग, फळ्यावर अर्धं पुसलेलं भोपळ्याचं चित्र. त्रिशला ब्रश धूत होती.

"सांग," ती पाठमोरीच म्हणाली. "परवाच कळलंय मला. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

राजुलने सांगितलं.

"न उघडता कळलं?"

"हो."

"चारही?"

"चारही, वहिनी."

नळ चालूच होता. त्रिशलाने ब्रश पिळला, परत भिजवला, परत पिळला. "आधीचं बरं होतं की. उघडेपर्यंत तरी होती."

"मला वाटलं होतं..."

"तुला काय वाटलं होतं ते माहीत आहे मला. सम्मेदला पण तेच वाटलं होतं. तापली तर कळेल म्हणे. कळून काय करायचं होतं त्याने?" तिने नळ बंद केला. "कशाने तापली?"

"दांडी गोठली. पाणी गेलं गळ्यात."

"कुठलं पाणी?"

राजुलने गंधोदकाचं सांगितलं. खंडेनवमीचं, काट्याचं, मासोपवासाचं.

त्रिशला बाकावर बसली. मुलांच्या उंचीचं बाक; तिचे गुडघे वर आले. ती ओल्या हातांकडे बघत राहिली.

"आप्पांना माहीत आहे?"

"नाही."

"सांगू नकोस."

"त्या टाकीत आणखी दोन-अडीचशे घरं आहेत, वहिनी. कोणी पुढच्या महिन्यात मुंबईहून येणार आहे. बायका सुया टोचून घेतायत. कोणी दागिने मोडलेत."

"त्यांना सांग. टाकी तापली म्हणून सांग. पण ते पाणी..." ती थांबली. "ते पाणी कशाला सांगायचं? दुसरं काही सांग. त्या माणसानं चपला काढून काटा बघितलाय गं रोज."

"तारीख सांगितली की त्यांनाच कळेल. ते वेडे नाहीत."

"मग तारीख दुसरी सांग," त्रिशला म्हणाली. "घड्याळ तुझंच आहे ना?"

०

टाकी तापली त्या वर्षी मे महिन्यात वाहतूकदारांचा संप झाला होता. नायट्रोजनच्या गाड्या कुठेच पोचल्या नव्हत्या.

राजुलने अहवालात मे लिहिलं.

०

नंतर झालेल्या गोष्टी, जशा आठवतील तशा:

पेढीने सगळ्यांना कळवलं. संपामुळे टाकी तापल्याची शक्यता, मे महिना, क्षमस्व.

मुंबईची बाई फोनवर रडली नाही. तिने विचारलं, "मेमध्ये नक्की ना? कारण आमचे त्याच वर्षी जूनमध्ये ठेवलेत." खरी तारीख सांगितली असती तर त्या बाईला निदान सुया थांबवता आल्या असत्या. जूनचे भ्रूणही ऑक्टोबरमध्ये तापले होते. राजुल म्हणाली, "तरी थांबा, मी परत तपासते." बाई म्हणाली, "नको, नको, तपासू नका. मेच असू दे."

काही कुटुंबांनी भरपाईचा दावा लावला आणि खडे बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे ऑक्टोबर निघालं. दुसरीकडेही ऑक्टोबर निघालं. हे कागद वकिलांतच फिरले, आप्पांपर्यंत पोचले नाहीत.

मग विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं की, जे घड्याळ बनवणारीच्या हातात मे दाखवतं आणि दुसऱ्याच्या हातात ऑक्टोबर, ते घड्याळ कसलं? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं.

राजुलचा प्रकल्प बंद झाला. लस ठेवणाऱ्या दोन कंपन्यांनी खडे काढून टाकले. तिच्या मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, "तू आकडे चुकीचे वाचतेस यावर माझा विश्वास नाही. काय झालं?" राजुल म्हणाली, "चुकीचे वाचले."

आणि त्या दोन-अडीचशे घरांना आनंद झाला. घड्याळच खोटं म्हटल्यावर टाकी तापलीच नसेल. त्यांच्या मोबाइलच्या गटावर कुणीतरी पेढ्यांचा फोटो टाकला. गुळवणींची सेवा पुन्हा सुरू झाली. लोक येत राहिले, नळ्या उघडत राहिल्या, एकेक करून परत जात राहिले. ज्याच्या त्याच्या वेळेला.

०

त्रिशलानेही उघडायला सांगितलं.

"कशाला?" राजुलने विचारलं.

"आप्पांसाठी. बिनउघडता सोडून दिलं तर विचारतील ना, का सोडलंस म्हणून."

तिने महिनाभर गोळ्या घेतल्या, सुया घेतल्या. राजुल तिच्याबरोबर जायची. दोघी रिक्षात शेजारी बसायच्या आणि भाजीच्या भावावर बोलायच्या.

त्या दिवशी आप्पा बाहेरच्या बाकड्यावर टोपी हातात घेऊन बसले होते. पंधरा मिनिटांत डॉक्टर बाहेर आले. चारांतला एकही राहिला नव्हता.

आप्पांनी टोपी घातली. "कर्म," ते म्हणाले. "कुणाचं ते कुणाला ठावं." मग त्रिशलाच्या डोक्यावर हात ठेवला. "तू लई केलंस बाळ. टाकीनंबी लई केलं. आपल्याच नशिबात नव्हतं."

राजुल खिडकीबाहेर बघत होती. त्रिशला तिच्याकडे बघत नव्हती. त्या दिवसानंतर दोघींनी एकमेकींना डोळ्यांत डोळे घालून पाहिलं नाही. रिक्षातला भाजीचा विषयही संपला.

०

आप्पांना कोणी दोष दिला नाही, म्हणून त्यांची नोकरी राहिली. नोकरी राहिली म्हणून खंडेनवमी आली.

राजुल आता पुण्यात नव्हती. सांगलीच्या एका महाविद्यालयात अकरावीला शिकवायची, रोज घरून जायची. नवमीच्या सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली तर आप्पा घरात नव्हते. देवघरात तांब्याचा छोटा गडूही नव्हता.

ती पेढीत पोचली तेव्हा हार घालून झाला होता. त्याच टाकीला. रिकाम्या झालेल्या नळ्यांच्या जागी नव्या आल्या होत्या, नव्या लोकांच्या. जुन्यांतल्याही अजून बऱ्याच होत्या. आप्पांनी चप्पल काढली होती आणि झाकण उचललं होतं. वाफ त्यांच्या पायांवरून वाहत होती. डाव्या हातात गडू.

"आप्पा, पाणी नको."

"आलीस व्हय? ये, तूबी पाया पड."

"पाणी शिंपडू नका."

"का? दोनच थेंब. गेल्या खेपेला काय झालं सांगितलं की तुला. महिनाभर..."

"आप्पा."

तिने ठरवलं होतं काहीतरी सांगायचं: नवा नियम आलाय, डॉक्टर नको म्हणालेत. वाटेत चार कारणं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. तिची नजर गेली ती दांडीकडे.

आप्पांनी तिच्या नजरेमागोमाग दांडीकडे पाहिलं. मग बाहेरच्या काट्याकडे. मग गडूत. चंदन तळाशी बसलं होतं, वर स्वच्छ पाणी होतं.

हयात त्यांनी थंड वायूंच्या झडपांवर काढली होती. कुपवाडला हिवाळ्यात झडप जखडली की कढत पाण्याची किटली घेऊन तेच धावायचे.

"काटा हलला न्हवता," ते हळू म्हणाले.

राजुलने गडूसाठी हात पुढे केला.

"महिनाभर. गाडी मीच परत लावली."

"आप्पा, घरी चला."

"मे म्हणालीस तू."

"हो."

"मे न्हवता."

वाफ ओसरत होती. झाकण उघडं राहिलं तर पातळी उतरते, हे आप्पाच सगळ्यांना शिकवायचे. त्यांनी गडू जमिनीवर ठेवला, इतका सावकाश की आवाज झाला नाही. दोन्ही हातांनी झाकण लावलं. टाकीला टेकून खाली बसले, पाय पसरून, अनवाणी. हारातली एक झेंडूची पाकळी त्यांच्या खांद्यावर पडली होती.

"त्रिशलाला ठावं हाय?"

"हो."

"उघडायच्या आधीपासनं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. काटा भरलेली दाखवत होता आणि या वेळी ते खरं होतं.

०

पहिल्या पूजेच्या त्या नवमीला बस्तीतून गंधोदक त्रिशलाने आणलं होतं.